चढाला ट्रक गचके खातोय? पंप खोलण्याआधी डिझेलचा डबा लावा

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात उसाची जुनी गाडी गचके खाते, पिकअप पडतो.

1. डिझेल टाकीचं झाकण सैल करून बघा. पिकअप आला तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. आपल्याकडच्या फुफाट्यात हे नेहमीचंच.
2. नाहीतर फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) येणारा टाकीचा पाइप सोडा, तिथे पारदर्शक नळी जोडा, दुसरं टोक 5 लिटर स्वच्छ डिझेलच्या डब्यात बुडवा. हवा काढून इंजिन रेस करा.
3. गचके थांबले तर दोष टाकीची जाळी, पाइप किंवा बँजो वॉशरमध्ये (पाइपाच्या जोडाच्या बोल्टवरची चकती). वॉशर नवेच टाका, जुने पुन्हा हवा ओढतात. गचके राहिले तर डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, मग नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बघा.

हे उभ्या गाडीवरच. डबा लावून रस्त्यावर निघू नका.