किमान शिक्षेच्या खटल्यात या चुका टाळा

दोषी ठरवल्यावर न्यायाधीश विचारतात, "शिक्षेबाबत काही म्हणणं?" की नवा वकील उठतो आणि सुरू होतो: पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील, घरात कमावता एकटा. कलमात 'पेक्षा कमी नसेल' असे शब्द असतील, तर हे सगळं ऐकून न्यायाधीश फार तर किमान आकड्यावर थांबतील. त्याखाली उतरायला 'विशेष आणि पुरेशी कारणे' असं परंतुक, म्हणजे सूट देणारी जोडओळ, कलमातच लागतं. ते नसेल तर संविधानाचा अनुच्छेद 142, म्हणजे पूर्ण न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयाला दिलेला खास अधिकार, वापरूनही खाली जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये लाचेच्याच एका खटल्यात सांगून ठेवलंय.

माझं डोकं फिरतं ते मात्र तारखेवरून. लाचेचा सापळा ऑगस्ट 2013 चा, निकाल नऊ वर्षांनी. माझ्या ज्युनियरने मोबाइलवर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 13 उघडलं, किमान चार वर्षं वाचली आणि निकालाच्या आदल्या दिवशी आरोपीच्या बायकोला ती सांगूनही टाकली. बाई व्हरांड्यातल्या बाकावर बोटं मोजत बसल्या होत्या. मुलगी आठवीत, म्हणजे तिची बारावी होईपर्यंत बाप आत. मी फिर्यादीवरची तारीख बघितली आणि कपाटातला पिवळा पडलेला जुना बेअर ॲक्ट, म्हणजे नुसती कलमं छापलेलं कायद्याचं पुस्तक, काढला. चार वर्षं लागू झाली 16 जानेवारी 2014 पासून. त्याआधी कलम 13 ला किमान एक वर्ष, कलम 7 ला सहा महिने. गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही, संविधानाचा अनुच्छेद 20(1). गंमत म्हणजे सरकारी वकीलही चारच वर्षं धरून आले होते. ज्युनियरला मी त्या दिवशी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून आरोपपत्र हातात आलं की फाइलवर पेन्सिलने तीन गोष्टी लिहितो: घटनेची तारीख, त्या दिवशीची किमान शिक्षा, त्या दिवशीची कमाल. पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम 6 चं किमान ऑगस्ट 2019 मध्ये दहाचं वीस झालं, तिथे तर हे लिहायलाच हवं. मोबाइलवर दिसतं ते आजचं कलम. जुनं शोधायला दहा मिनिटं लागतात, ती कुणाला काढायची नसतात.

गांजाच्या खटल्यात पंचनाम्यातलं वजन गोणीसकट धरू नका. वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण: किमान दहा वर्षं आणि किमान एक लाख दंड. वीसच्या आत किमान शिक्षाच नाही. पंचनाम्यात 20 किलो 400 ग्रॅम असेल, तर पहिला प्रश्न गोणीच्या वजनाचा. तो उलटतपासात विचारायचा; दोषी ठरल्यावर आठवून उपयोग नाही. शिक्षा बांधलेली असली की लढाई आधीच, कलम आणि वजनावर होते.

'किमान' म्हणजे 'तेवढीच' नव्हे, हे अशिलाला आधीच सांगा.

एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, शिक्षा झालेल्या सज्ञान आरोपीसाठी प्रोबेशन (चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका) मागत बसू नका, गुन्हा कलम 26 किंवा 27 चा असेल तरच वाट आहे; कलम 33 वाचा.

कच्च्या कैदेचे दिवस वजा होतात, त्याला शिक्षा कमी झाली म्हणत नाहीत.

आणि जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, हे जुन्या भारतीय दंड संहितेचं 303 कलम अजून पाठ म्हणणारे भेटतात. ते 1983 मध्येच घटनाबाह्य ठरलं. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 104 मध्येही फाशीसोबत मरेपर्यंत कारावासाचा पर्याय आहे.