माझ्या शॉक ट्यूबमधून निसटलेली ऊर्जा

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात मोटारीची धार शहाबादी फरशीवर पडते, तेव्हा पाणी पातळ थरात वेगाने चहूकडे पसरते आणि काही अंतरावर एकाएकी जाड होऊन त्याची गोल कड उभी राहते. वायूतला शॉक, म्हणजे दाब आणि घनता एकदम उडी घेतात ती धावती लाट, या कडेचाच भाऊबंद आहे. मात्र तीव्र शॉकची हवेतली जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते आणि गणनेसाठी जागेचे छोटे तुकडे पाडून केलेल्या आपल्या ग्रिडचे एक घर तिच्या कितीतरी पट मोठे असते. त्यामुळे साध्या गणनेत शॉकच्या मागे खोट्या लाटा उठतात. फॉन नॉयमन आणि रिख्टमायर यांनी 1950 मध्ये सुचवलेली कृत्रिम श्यानता (श्यानता म्हणजे प्रवाहातले अंतर्गत घर्षण) म्हणजे दाबात मिळवायचे एक बनावट पद. शेजारच्या वेगांतील फरकाच्या वर्गानुसार ते वाढते आणि सहसा वायू आकुंचन पावत असतानाच लागू करतात, म्हणून शॉक तीन-चार घरांत पसरून गणनेच्या आवाक्यात येतो.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सॉड या संशोधकाची 1978 मधली शॉक ट्यूब ही चाचणी निवडली; यात नळीतल्या पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या दाबाचा वायू असतो आणि पडदा काढताच शॉक धावतो. एककांशिवायचे आकडे असे: डावीकडे घनता 1 आणि दाब 1, उजवीकडे 0.125 आणि 0.1. आलेख इतका गुळगुळीत आला, की मी तो लगेच सरांना दाखवला. त्यांनी आलेखाकडे न पाहता आकडे मागितले. 0.2 या वेळेला शॉक 0.850 वर हवा होता, माझा 0.843 च्या आसपास रेंगाळला होता; त्यामागची घनता 0.266 ऐवजी 0.274 निघाली. घरे दुप्पट केली, रात्री वीज आल्यावर पुन्हा गणना चालवली, तरी तफावत जागची हलली नाही. नवख्यांनी हे लक्षण ओळखून ठेवावे: ग्रिड बारीक करूनही जी चूक कमी होत नाही, ती बहुधा समीकरणातच असते.

मी ते पद संवेगाच्या समीकरणात घातले होते, ऊर्जेच्या समीकरणात मात्र विसरले होते. श्यानतेने अडवलेल्या गतीची उष्णता व्हायला हवी होती, ती माझ्या कोडमध्ये कुठेच जमा होत नव्हती. एक ओळ दुरुस्त केली, एकूण ऊर्जा दर पायरीला छापायला लावली, आणि शॉक जागेवर आला.

गुणकांवर मी गरजेपेक्षा जास्त रात्री घालवल्या. वर्गपदाचा गुणक 2 च्या आसपास ठेवून उरलेल्या लहरींसाठी वेगफरकाच्या प्रमाणातले छोटे पद जोडले, की बहुतेक वेळा भागते. ते वाढवले तर शॉक उगाच रुंदावतो, शिवाय कालपायरीही (गणना एका वेळी जेवढा काळ पुढे सरकते तो) आखडावी लागते. संपर्कपृष्ठापाशी, म्हणजे डावीकडचा आणि उजवीकडचा वायू जिथे भेटतात त्या सीमेपाशी, आंतरिक ऊर्जेचा एक बारीक उंचवटा मात्र शेवटपर्यंत राहिला, आणि प्रबंधात मी तो तसाच दाखवला.