०.१ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड: काट्यापासून लेबलापर्यंत

ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी २२ वर्षं असिस्टंट आहे. बारावीची मुलं मला मामा म्हणतात आणि दरवर्षी एकच गाऱ्हाणं घेऊन येतात: "मामा, काटा ३.१५ वर थांबतच नाही." चमच्याच्या टोकावर ऑक्झॅलिक ॲसिडची चिमूटभर पूड घ्यायची, टाकायची, जास्त झाली की काढायची. पंधरा-वीस मिनिटं त्यातच जातात आणि पुढच्या कामाची घाई होते. त्या मुलांसाठी हे लिहितोय.

३.१५ कुठून आलं ते आधी बघू. ऑक्झॅलिक ॲसिडच्या बाटलीवर रेणुभार छापलेला असतो, १२६.०७. म्हणजे तेवढे ग्रॅम घेतले की १ मोल, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. ते मोजत बसता येत नाही, म्हणून आपण वजन करतो. ०.१ मोलर म्हणजे १ लिटर द्रावणात ०.१ मोल, १२.६१ ग्रॅम. आपला फ्लास्क २५० मिलिलिटरचा, म्हणून त्याच्या पाव, ३.१५ ग्रॅम.

रेणुभार बाटलीवरूनच घ्या. एका वर्षी एका बॅचने तो पुस्तकातल्या साध्या सूत्रावरून काढला, ९० आला. बेरीज चोख होती, पण आपल्या बाटलीतल्या स्फटिकांत ॲसिडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे २ रेणू असतात. त्यांनी २.२५ ग्रॅम घेतलं आणि द्रावण ०.०७१ मोलर झालं. दिसायला तेही स्वच्छ पाण्यासारखंच, त्यामुळे टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब टाकून तीव्रता काढणं) संपेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही.

आता काटा. ३.१५ वर थांबायची गरजच नाही. ३.१ आणि ३.२ च्या मध्ये कुठेही थांबा, पण काट्याने जे दाखवलं ते सगळ्या दशांश स्थळांसकट तिथल्या तिथे वहीत लिहा. वेइंग बॉटल असेल तर पूड भरून तिचं वजन करा, पूड बीकरमध्ये ओता, रिकामी बाटली पुन्हा काट्यावर ठेवा. दोन वजनांतला फरक हीच तुमची पूड. बाटलीला चिकटून राहिलेली त्यात धरली जात नाही. समजा फरक आला ३.१८२. त्याला १२६.०७ ने भागा, ०.०२५२४ मोल. त्याला ०.२५० लिटरने भागा, ०.१०१० मोलर. हाच आकडा शेवटपर्यंत वापरायचा. जास्त निघालेली पूड मूळ बाटलीत परत टाकू नका, सगळी बाटली खराब होते.

मुलं फ्लास्कच्या मानेवरच्या २५० मिलिलिटरच्या खुणेला फार भितात आणि पुडीकडे दुर्लक्ष करतात. फ्लास्कची मान साधारण दीड सेंटिमीटर रुंद. पाणी खुणेच्या १ मिलिमीटर वर गेलं तर जेमतेम ०.२ मिलिलिटर जास्त झालं, २५० मध्ये १ टक्क्याचा दहावा हिस्साही नाही. उलट वॉच ग्लासवर (पूड तोलायच्या काचेच्या बशीवर) ०.०३ ग्रॅम पूड राहून गेली तर जवळजवळ १ टक्का चूक, म्हणजे दसपट. खूण नीट गाठायचीच, पण त्याआधी प्रत्येक कण फ्लास्कमध्ये गेला पाहिजे.

म्हणून वॉच ग्लास वापरली असेल तर ती बीकरवर तिरकी धरून वॉश बॉटलच्या धारेने धुवा. बीकरमध्ये शंभरेक मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या, काचकांडीने ढवळा. कोमट करावं लागलं तर गार झाल्याशिवाय फ्लास्कमध्ये ओतू नका. गरम द्रावण फुगलेलं असतं, निवल्यावर खुणेखाली जातं. नरसाळ्यातून ओतल्यावर बीकर आणि कांडी ३ वेळा थोड्या थोड्या पाण्याने विसळा, ते पाणीही फ्लास्कमध्येच. नरसाळं आत-बाहेर धुऊन मगच उचला.

खुणेच्या बोटभर खाली आलं की वॉश बॉटल बाजूला ठेवा आणि ड्रॉपर घ्या. फ्लास्क टेबलावरच असू द्या, तुम्ही वाका, डोळा खुणेच्या रेषेत आणा. पाण्याच्या वक्राचा तळ खुणेला टेकला की थांबा. बूच घट्ट धरून फ्लास्क १५-२० वेळा उलटासुलटा करा. त्यानंतर पातळी खुणेपेक्षा किंचित खाली दिसते, कारण थोडं द्रावण बुचाला आणि मानेला चिकटलेलं असतं. तिथे पुन्हा पाणी घालायचं नाही.

हे द्रावण हातात आलं की पोटॅशियम परमँगनेटची तीव्रता काढता येते. पिपेटने (ठरावीक माप ओढून घ्यायच्या काचनळीने) १० मिलिलिटर ऑक्झॅलिक दुसऱ्या, शंकूच्या आकाराच्या फ्लास्कमध्ये घ्या. रबरी बल्बनेच ओढा, हे ॲसिड विषारी आहे. त्यात विरल सल्फ्युरिक ॲसिड घाला. हायड्रोक्लोरिक चालणार नाही, परमँगनेट त्याच्यावरही खर्च होतं. हा फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करा. ब्युरेटमधला (खाली तोटी असलेल्या, मापाच्या खुणांच्या उभ्या नळीतला) परमँगनेटचा पहिला थेंब गुलाबी होऊन बराच वेळ तसाच राहतो आणि मुलं एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याचा क्षण, आला म्हणून ओरडतात. थांबा, फ्लास्क हलवत राहा. तो रंग गेला की पुढचे थेंब भराभर विरतात, कारण तयार होणारं मँगनीजच अभिक्रियेचा वेग वाढवतं. तपकिरी गढूळपणा आला तर बहुधा सल्फ्युरिक कमी पडलंय. फिकट गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की रीडिंग घ्या. परमँगनेट इतकं गडद असतं की वक्राचा तळ दिसत नाही, म्हणून ब्युरेटमध्ये सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरची कड वाचायची.

समजा ३ वेळा २०.४ मिलिलिटर परमँगनेट लागलं. ५ मोल ऑक्झॅलिकला २ मोल परमँगनेट लागतं. १० गुणिले ०.१०१० गुणिले २, भागिले ५, भागिले २०.४. उत्तर ०.०१९८ मोलर. वहीत ०.१०१० ऐवजी सरळ ०.१ धरलं असतं तर ०.०१९६ आलं असतं. तुमचा काटा, तुमचा हात, तुमचं रीडिंग सगळं बरोबर असूनही उत्तर चुकलं असतं.

बाटलीवर लेबल लावताना पदार्थाचं नाव, ०.१०१० मोलर आणि तारीख लिहा. परमँगनेट तपकिरी बाटलीत ठेवा. उरलेलं ऑक्झॅलिक मात्र बेसिनमध्ये ओतून देऊ नका, माझ्याकडे आणून द्या. ब्युरेटच्या आत परमँगनेटचे जे तपकिरी डाग पडतात, ते या ॲसिडमध्ये थोडं सल्फ्युरिक घालून कोमट केलं की पाच मिनिटांत निघतात.