बाईकला कुठल्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं, ते ठरवायचं कसं

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. हे आधी डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं वाचून काही उपयोग नाही. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की सिलेंडरमध्ये पिस्टनने दाबल्यावर, तापल्यावर हे पेट्रोल स्पार्कची वाट न बघता आपणहून पेटायला किती वेळ दम धरतं. आयसोऑक्टेनला १०० धरलंय, नॉर्मल हेप्टेनला ०, आणि टेस्ट इंजिनवर आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते बघून आकडा देतात. बस. १०० च्या लिटरमध्ये ९१ च्या लिटरपेक्षा जास्त ऊर्जा कोंबलेली नसते, त्यामुळे "१०० टाकलं आणि गाडी काय पळायला लागली राव" म्हणणाऱ्याने बहुतेक त्याच आठवड्यात सर्व्हिसिंग केलेलं असतं.

पहिलं काम, मॅन्युअल उघडा. इंधनाच्या पानावर आकडा आणि त्यापुढे आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर, आपल्याकडे चालतो तो आकडा) असं लिहिलेलं असतं, कधी टाकीच्या झाकणापाशी स्टिकरही असतो. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर मॉडेल आणि वर्ष बघून पीडीएफ मिळते. तो आकडा किमान आहे, त्याच्या खाली जायचं नाही, वर गेलात तर तुमची हौस.

इथे दोन गोष्टींनी लोक फसतात. अमेरिकन व्हिडिओत ८७ ऐकून वाटतं की तिकडे आपल्यापेक्षा हलकं पेट्रोल विकतात, पण त्यांच्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर, इंजिन जास्त राबवून काढलेला) या दोन टेस्टची सरासरी असतो, त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१. दुसरं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं कोष्टक, कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन आतलं मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) अमुक असेल तर ऑक्टेन तमुक. क्लासिक ३५० चा रेशो ९.५:१, आर१५ चा ११.६:१, जुन्या ३९० ड्यूकचा १२.६:१, आणि नुसते हे आकडे बघून पेट्रोल ठरवता येत नाही. आर१५ लिक्विड कूल्ड आहे, इंजिनचं हेड थंड राहतं म्हणून जास्त दाब सोसते. चेंबरचा आकार, इग्निशन टायमिंग (स्पार्क नेमका कधी पडतो), हवा-पेट्रोलचं मिक्स्चर हे सगळं कंपनीने जमेस धरूनच मॅन्युअलमध्ये एक आकडा छापलाय. तो सोडून कोष्टकावर विश्वास का ठेवायचा, मला कळत नाही.

मग पंप. "दादा, साधं का पॉवर?" असं विचारलं की नाव ऐकू नका, नोझलवरचा किंवा मशीनवरचा आकडा बघा. एक्सपी९५, एक्सपी१००, स्पीड ९७, पॉवर ९९ यात आकडा नावातच आहे. नावापुढे आकडा नसेल तर ते बहुतेक इंजिन साफ ठेवणारं अ‍ॅडिटिव्ह टाकलेलं पेट्रोल असतं, त्याचा ऑक्टेनशी संबंध असेलच असं धरू नका. आणि मशीनवर जी डेन्सिटी दाखवतात, ७२० ते ७७५ च्या मधली, ती म्हणजे ऑक्टेन नव्हे. डेन्सिटी भेसळीचा अंदाज घ्यायला असते, "आमच्या पंपावर ७५० आहे म्हणजे भारी" हे ऐकलं की मी विषय बदलतो.

आता साधं पेट्रोलसुद्धा पूर्वीचं राहिलेलं नाही. मूळ पेट्रोल ९१ चं, त्यात २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं त्याप्रमाणे ई२० चा, म्हणजे या २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा, आरओएन ९५ पर्यंत जातो. म्हणजे तुमच्या मॅन्युअलात ९१ लिहिलंय आणि तुम्ही वर पैसे देऊन ९५ घेताय, तर ते पैसे अ‍ॅडिटिव्हचे, ऑक्टेनचे नव्हेत. मायलेज थोडं पडलंय असं वाटत असेल तर त्यामागे इथेनॉल आहे, त्यात पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच ई१० साठी ट्यून केलेल्या दुचाकींना ई२० वर ३ ते ४ टक्के घट धरली होती. जास्त ऑक्टेन घेऊन ती भरून निघत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. खरी भानगड पुढे.

मॅन्युअलप्रमाणे पेट्रोल टाकूनही गाडी नॉकिंग मारते का, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल आपणहून पेटून आवाज करतं का, हे ओळखणं. मला स्वतःला हे कानाला बसायला बराच काळ लागला, कारण गॅरेजमध्ये प्रत्येक आवाजाला "नॉकिंग आहे" म्हणतात आणि प्रत्येक नॉकिंगला "पॉवर टाका" हा एकच उपाय सांगतात. तर आधी आवाज नीट वेगळे करा.

गाडी थंड असताना, उभ्या उभ्या, आयडलिंगला टिकटिक येते आणि रेस वाढवली की तीच टिकटिक भरभर होते, ते टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हपाशी असलेली फट. ठरावीक आरपीएमला, खास करून रेस सोडताना खरखर येते, ती टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. सकाळी पहिल्या दोन मिनिटांत टकटक आणि गरम झाल्यावर गायब, तो बहुतेक पिस्टनचा ढिलेपणा. यातलं एकही पेट्रोल बदलून जाणार नाही, १०० टाका नाहीतर विमानाचं टाका.

खरं नॉकिंग फक्त लोडवर येतं. इंजिन चांगलं तापलेलं, चढ, मागे माणूस बसलेला, गिअर एक वरचा, आरपीएम कमी, आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळलेला. तेव्हा पत्र्याच्या डब्यात सायकलचे छर्रे हलवल्यासारखा बारीक, कोरडा, धातूचा आवाज येतो. आणि त्याची खूण अशी की अ‍ॅक्सिलरेटर अगदी जरासा, केसभर सोडला की तो त्याच क्षणी थांबतो, परत पिळला की परत येतो. टॅपेट असं वागत नाही, चेन असं वागत नाही. सेंटर स्टँडवर लावून नुसती रेस देऊन आवाज आला तर ते नॉकिंग नाही, कारण लोडच नाही. मेकॅनिक जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन "नॉकिंग" म्हणत असेल तर चहा पिऊन घरी या.

हेल्मेटमध्ये वाऱ्याने हे ऐकू येत नाही, म्हणून घाट लागतो. पुण्याचे असाल तर सासवडकडे चढताना दिवे घाट, मुंबईहून नाशिकला जाताना कसारा, नाहीतर आंबोली, जवळ असेल तो. जिथे डोंगर कापलेली भिंत किंवा कठडा अगदी बाजूला आहे तिथे व्हायझर वर करा, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि स्वच्छ ऐकू येतो. दुपारच्या उन्हात, गर्दी नसताना, डाव्या बाजूने, आरशात बघून. तिसऱ्यात आरामात चढते तिथे मुद्दाम चौथा टाका आणि हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर उघडा, पाच-सहा सेकंद ऐका, मग लगेच गिअर खाली. हे ताणत बसू नका, नॉकिंगने पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, रिंगांच्या खाचा तुटतात, आणि तो खर्च पेट्रोलच्या फरकात बसत नाही. एक राहिलंच, नंबर प्लेट, चेन कव्हर आणि लेगगार्ड आधी हाताने हलवून बघा. सुटलेली नंबर प्लेट बरोबर त्याच आरपीएमला थरथरते आणि तिचा आवाज माणसाला वेड लावतो.

आला आवाज? तरी थेट १०० कडे पळायचं नाही. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी स्वतःचा हात बघा. निम्म्या लोकांची गाडी नॉकिंग मारते कारण ते ४० च्या स्पीडला पाचव्यात चालवतात, "मायलेज मिळतं" म्हणून. गिअर खाली टाका, प्रश्न संपला. तरीही येत असेल तर पेट्रोल कुठलं भरलं ते आठवा. भेसळीत रॉकेल आलं की ऑक्टेन धाडकन पडतो, कारण रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी असतो. पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे, नोझलचं तोंड पुसून एक थेंब पेपरवर टाका, दोनेक मिनिटांत उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक, तेलकट गोल राहिला तर तिथे परत जाऊ नका. नवीन पंपावरून टाकी भरल्या भरल्या आवाज सुरू झाला असेल तर संशय तिथेच घ्या.

मग ऑइलची लेव्हल, एअर फिल्टर, रेडिएटर असेल तर कूलंट. मग प्लग, आणि तो मॅन्युअलातल्याच नंबरचा हवा, गरम प्रकारचा प्लग लावला असेल तर त्याचं टोक तापून त्रास देतं. मग मिक्स्चर, विशेषतः कोणी फ्री फ्लो सायलेन्सर लावून जेटिंग किंवा मॅपिंग तसंच सोडलं असेल तर गाडी लीन चालते (हवा जास्त, पेट्रोल कमी), तापते, आणि दोष पेट्रोलला. जास्त चाललेल्या गाडीत पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन बसतो, जागा कमी झाली म्हणून कॉम्प्रेशन वाढतं आणि तोच कार्बन निखाऱ्यासारखा तापून राहतो. जुन्या गाडीत टायमिंग पुढे गेलंय का तेही बघून घ्या.

हे सगळं करून आवाज राहिलाच तर, आणि तेव्हाच, ऑक्टेन वाढवून बघायचं. टाकी रिझर्व्हला येऊ द्या, मग फुल करा, कारण अर्धी टाकी ९५ आणि अर्धी ९९ म्हणजे साधारण ९७, आणि मग कळत काहीच नाही. तोच घाट, तीच वेळ, तोच गिअर, मागे तोच माणूस. एका वेळी एकच पायरी वर चढा, ९५ वरून ९७ किंवा ९९. त्यात आवाज गेला तर तोच तुमचा आकडा, त्यापुढे १०० ला काहीही अर्थ नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये एक्सपी१०० आलं तेव्हा दिल्लीत लिटरला १६० रुपये होतं, म्हणजे हा फरक काही चिल्लर नाही. मोठ्या, महागड्या काही बाईकना नॉक सेन्सर असतो, त्या आवाज यायच्या आत टायमिंग मागे घेतात, तिथे जास्त ऑक्टेनचा फरक चालवताना जाणवू शकतो. आपल्या १०० ते २०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना तो सेन्सरच नाही, टाकीत काय आहे हे त्यांना कळायचं कारण नाही.

लडाखला जाताना डिकीत ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या नेणाऱ्यांसाठी, उंचीवर हवा विरळ असते, सिलेंडरमध्ये कमी भरते, दाब कमी होतो, त्यामुळे तिकडे ऑक्टेनची गरज उलट उतरते. त्या बाटल्यांवर "३० पॉइंट वाढ" लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा दशांशातलं, म्हणजे खरी वाढ ३. काहींमधल्या धातूच्या संयुगाने प्लगवर तांबूस थर बसतो. मी त्या वापरत नाही आणि कोणाला सांगतही नाही.

यामाहाच्या जुन्या आरएक्स१०० वाल्यांचं वेगळं. तिचं कॉम्प्रेशन सातच्याही खाली, तिला १०० ऑक्टेन लागायचा प्रश्नच नाही, पण १०० मध्ये इथेनॉल नसतं असं धरून बरेच जण ते इथेनॉल टाळायला घेतात, जुने रबर, पाईप, कार्बोरेटरची वायसरं टिकावी म्हणून. ते कारण मला पटतं. फक्त इथेनॉल आहे की नाही हे नावावरून ठरवू नका, तपासा. काचेच्या मापाच्या नळीत ९० मिली पेट्रोल, त्यावर १० मिली पाणी, बूच लावून हलवा, मधे एकदा बूच उघडून दाब सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. हे मोकळ्या हवेत करा, आसपास शेगडी किंवा सिगरेट नको. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही, २८ च्या आसपास गेला तर ते ई२०.

हेच पावसाळ्यात टाकीच्या आत होतं. कोकणात गाडी जून ते सप्टेंबर पडवीत उभी असेल तर झाकणातून पाणी आणि दमट हवा आत जाते, पुरेसं पाणी साचलं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. कॉकमधून आधी तळाचंच येणार, गाडी सुरू होणार नाही. अशा वेळी नवीन पेट्रोल वर ओतून किका मारत बसू नका, टाकी आणि कार्बोरेटरचा बाऊल पूर्ण रिकामा करा, आणि मग भरा.