गोव्याच्या उबदार रात्रींत धरणारा बटाटा कसा घडवावा

गोव्यात हौसेने बटाटा लावणाऱ्यांचा अनुभव सारखाच असतो: वर पाला भरघोस, खाली कंद सुपारीएवढे. दोष खताचा नसतो. बटाट्याला कंद धरायला गार रात्र लागते. रात्रीचे तापमान 20 अंशांच्या वर राहिले की पानांतून खाली जाणारा ‘कंद धर’ हा संकेत क्षीण होतो आणि अन्न पाल्यातच खर्ची पडते. पणजीत जानेवारीतही पहाटेचा पारा 20 च्या आसपास असतो. त्यामुळे उबेत धरणारे झाड निवडायचे तर दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीकडे लक्ष हवे.

नवी जात दोन झाडांच्या संकरातून घडवायची. जनक म्हणून एक झाड ‘कुफरी सूर्या’चे घ्या. ‘कुफरी लवकर’ आणि ‘एलटी-1’ यांच्या संकरातून आलेली ही उष्णता सोसणारी जात केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने दिली. दुसरे झाड तुमच्या आवडीच्या चवीचे.

खरी अडचण फुलांची. बटाटा फुलायला मोठा दिवस लागतो आणि आपला हिवाळी दिवस साधारण अकरा तासांचा. यावर जुनी युक्ती आहे. नोव्हेंबरमध्ये बेणे विटेवर ठेवून मातीने झाका. मुळे विटेच्या कडेने खाली उतरली की वरची माती हलकेच धुऊन काढा आणि धरू लागलेले कंद खुडत राहा. अन्न फुलांकडे वळते. संध्याकाळी दिवा लावून उजेड सोळा तासांपर्यंत न्या. जमल्यास हे काम गोव्याच्या आतल्या सत्तरी तालुक्यात करा, तिथल्या रात्री किनाऱ्यापेक्षा गार.

उद्या उमलेल अशी कळी सकाळी उघडा आणि चिमट्याने पाचही पुंकेसर काढा. दुसऱ्या झाडाचे उमललेले फूल नखावर टिचकून पाहा. पिवळी पूड पडली नाही तर ते नर म्हणून निरुपयोगी. अनेक जातींत असे होते. पूड पडली तर पुंकेसर काढलेल्या फुलाची कुक्षी, म्हणजे मधल्या दांडीचे टोक, तिच्यात बुडवा आणि देठाला चिठ्ठी बांधा. फळ हिरव्या टोमॅटोसारखे दिसते, पण ते विषारी असते. मुलांच्या हाती लागू देऊ नका. सहा ते आठ आठवड्यांनी मऊ पडले की बी धुऊन सावलीत वाळवा आणि हवाबंद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. ताजे बी काही महिने सुप्त असते, म्हणजे आपला पावसाळा त्याच्या विश्रांतीत जातो.

ऑक्टोबरमध्ये ट्रेमध्ये पेरा. प्रत्येक रोप वेगळे निघेल, एक रोप म्हणजे एक नवी जात, म्हणून सगळ्यांना क्रमांक द्या. पाच-सहा पानांवर आली की लावा. वांगी, मिरची, टोमॅटो झालेल्या वाफ्यात मात्र नको, तिथे मर रोगाचे जिवाणू राहतात. अचानक कोमेजलेल्या रोपाचा देठ कापून पाण्यात धरा. दुधाळ धागे उतरले तर ते मातीसकट उपटून टाका.

आता माझ्या मते सर्वांत उपयोगी चाचणी. फेब्रुवारीत रात्री उबदार होऊ लागल्या की प्रत्येक झाडाचे एक पान, बगलेतला डोळा आणि खोडाचा तुकडा यांसह कापा. डोळा ओल्या वाळूत गाडून सावलीत ठेवा. दोनेक आठवड्यांनी उकरा. डोळ्याचा चिमुकला कंद झाला असेल, तर त्या झाडात उबेतही संकेत शाबूत आहे. कोंब फुटला असेल तर ते झाड सोडून द्या. खणताना पुन्हा तपासा: तडा, गाठी किंवा आत तपकिरी डाग असलेले वगळा.

उरलेल्यांचे बेणे किनाऱ्यावरच्या शेतात पुन्हा लावा, दोन-तीन हंगाम. मध्ये पावसाळा आहेच. बेणे अंधाऱ्या कोठीत न ठेवता हवेशीर पडवीत, ऊन लागणार नाही पण उजेड येईल अशा फळीवर एकाच थरात पसरा. कोंब आखूड आणि टणक राहतात. हिरवे पडलेले कंद खायचे नाहीत. जे वाण तिथे कुजतील ते यादीतून काढा, शेतात कितीही चांगले आले असोत.