प्रथिने वाढवताना आणि भाकरी कमी करताना : या चुका टाळा

आपल्या ताटात पिष्टमय पदार्थांचा भार जास्त आहे, याबद्दल आता वाद उरलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्याला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. त्याच पाहणीतील आणखी एक गोष्ट पुष्कळांना रुचणार नाही. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतील थोडा वाटा डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्यातील प्रथिनांकडे वळवलेल्यांमध्ये मात्र तो कमी आढळला. म्हणजे भात सोडून ज्वारीच्या चार भाकऱ्या खाणाऱ्या माणसाने फारसे काही साधलेले नसते.

त्यामुळे कर्बोदके कमी करून प्रथिने वाढवण्याला माझा विरोध नाही, उलट मी रोज अनेकांना तेच सांगते. प्रथिनांनी पोट भरल्याची भावना जास्त वेळ टिकते, ती पचवण्यातच त्यांतील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते आणि जोडीला वजन उचलण्याचा व्यायाम असेल, तर वजन उतरताना स्नायू बऱ्याच अंशी शाबूत राहतात. जेवणानंतरची शुगर आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) खाली येतात, हेही नेहमी दिसते. माझी तक्रार आहे ती घाईबद्दल. रविवारी रात्री कोणीतरी पाठवलेला तक्ता वाचायचा आणि सोमवारी सकाळी भात, भाकरी, पोळी, फळे सगळे एकदम बंद करायचे, या एकाच सवयीतून पुढच्या बहुतेक चुका जन्माला येतात.

गोळ्या तशाच चालू ठेवून जेवण बदलणे

ही चूक मी सर्वांत वर ठेवते, कारण तिच्यामुळे माणूस अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणाचा अंदाज घेऊन ठरवलेली असते. जेवणातील कर्बोदके निम्म्याहून कमी केली आणि गोळी तीच राहिली, तर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची शुगर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड आणि अचानक भडकलेली भूक ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची असते. ‘माझे डाएट मोडेल’ म्हणून ती साखर नाकारणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांच्या घरच्यांना मी स्पष्ट सांगते की त्या क्षणी साखर हेच औषध आहे.

दुसरा धोका याहून फसवा आहे, कारण त्यात ग्लुकोमीटर आपल्याला सावध करत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्या चांगल्या गोळ्या आहेत, हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांचा फायदा होतो. परंतु त्या चालू असताना कर्बोदके एकदम तोडली, तर शरीरातील इन्सुलिन खाली जाते, यकृत चरबीपासून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ बनवू लागते आणि रक्तातील आम्लता वाढत जाते. साखर लघवीतून निघून जात असल्यामुळे शुगरचा आकडा मात्र फारसा चढत नाही.

सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक अशाच प्रसंगातून वाचले. व्यायामशाळेत जाणाऱ्या पुतण्याने त्यांना अंडी, चिकन आणि पनीर यांचा तक्ता करून दिला होता. भाकरी बंद झाली, भात बंद झाला, सकाळची शुगर पूर्वी कधी नव्हे इतकी चांगली आली आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. काही दिवसांतच त्यांना मळमळू लागले, पोटात दुखू लागले, उलट्या झाल्या. मुलीने ग्लुकोमीटरवर शुगर पाहिली, ती १८०च्या आत होती, म्हणून ‘शुगर तर ठीक आहे, पित्तच झाले असेल’ असे समजून त्यांना पित्ताची गोळी आणि बिनसाखरेचे लिंबूपाणी देण्यात आले. रात्री त्यांचा श्वास जलद आणि खोल चालू लागला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला गेला. तिथे रक्तातील कीटोन आणि आम्लता तपासल्यावर दोन्ही वाढल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी इन्सुलिनसोबत ग्लुकोजचे सलाइन लावायला सांगितले, तर नातेवाइकांनी तेच अडवून धरले. मधुमेही माणसाला साखर कशी चढवता, हा त्यांचा प्रश्न होता. कीटोन थांबवण्यासाठी इन्सुलिन द्यावेच लागते आणि शुगर मुळात फार वाढलेली नसल्यामुळे ते सुरक्षितपणे देण्यासाठी सोबत ग्लुकोज लागते, हे समजावण्यात मोलाचा वेळ गेला. घरी सोडल्यानंतर ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा ही सारी हकिकत मला कळली. पुतण्याच्या हेतूत खोट नव्हती, पण काका कोणत्या गोळ्या घेतात हे त्याने विचारलेच नव्हते.

तेव्हा माझी पद्धत अशी आहे की येणाऱ्याने सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे माझ्या टेबलावर ठेवायची. चिठ्ठी जुनी असू शकते, पाकीट खोटे बोलत नाही. मग त्यांच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरेपर्यंत मी भाकरीला हात लावू देत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही एकच गोळी चालू असेल, तर काळजी बरीच कमी असते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे हाही उपाय नव्हे. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील गोळी चालू असताना उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर शुगर कितीही चांगली दिसत असली तरी त्याच दिवशी कीटोनची तपासणी करून घ्या आणि कोणती गोळी चालू आहे, हे दवाखान्यात पाऊल ठेवताच सांगा. ज्यांना टाइप १ मधुमेह आहे त्यांनी, तसेच गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, कडक लो-कार्बच्या (अगदी कमी कर्बोदकांच्या आहाराच्या) वाटेला वैद्यकीय देखरेखीशिवाय जाऊच नये.

डाळीचा हिशेब चुकणे

शाकाहारी घरांत दोन परस्परविरोधी चुका होतात. काही जण ‘डाळीत कर्ब असतात’ असे ऐकून वरण आणि उसळ दोन्ही बंद करतात आणि ताटातील मुख्य प्रथिनेच घालवून बसतात. दुसरे काही जण वाटीभर वरण पिऊन प्रथिनांची गरज भागली असे समजतात. खरी परिस्थिती अशी आहे की शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्याच्या अडीचपटीच्या आसपास कर्बोदके असतात. घरातील वाटीभर पातळ वरणात डाळ जाते वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे प्रथिने मिळतात पाच ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. साठ किलोच्या व्यक्तीला त्या हिशेबाने रोज ५० ग्रॅम लागतात. दोन वेळच्या वरणातून त्याचा पाचवा हिस्सा निघतो.

मग ही तूट भरायला शेंगदाणे पुढे येतात. तरुण मुली मला रोजच्या खाण्याची वही दाखवतात आणि तिच्यात सकाळी मूठभर दाणे, दुपारी भाजीत भरपूर कूट, संध्याकाळी पुन्हा दाणे आणि समोर मोठ्या अक्षरांत ‘प्रोटीन’ असे लिहिलेले असते. तीस ग्रॅम दाण्यांतून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात, पण सोबत १७० किलोकॅलरी येतात आणि त्यांतील बहुतांश ऊर्जा तेलाची असते. दाणे पौष्टिक आहेत, माझे त्यांच्याशी भांडण नाही. मात्र त्यांच्यावर प्रथिनांची भिस्त ठेवली की वजन हलत नाही आणि मुलगी म्हणते, ‘मॅडम, मी तर भाकरी बंद केली आहे, मग?’ पनीरचेही तसेच आहे. शंभर ग्रॅममागे अठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आहेत आणि साधारण तेवढेच किंवा त्याहून थोडे जास्त स्निग्धही.

शाकाहारी ताटात मी आधी सोयाबीनच्या वड्या आणते, कारण तीस ग्रॅम कोरड्या वड्यांतून पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि तेल जवळजवळ नसते. त्याखालोखाल घट्ट दही, ताजे ताक, मोड आलेल्या मटकी-मुगाची घट्ट उसळ आणि भाकरीऐवजी भाजीबरोबर खाल्लेले पिठले यांचा नंबर लागतो. अंडी चालत असतील, तर काम फारच सोपे होते, कारण एका अंड्यात सहा ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात. वरण मी कधीच बंद करत नाही. तीन भाकऱ्यांची एक करते. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, त्यामुळे दोन भाकऱ्या कमी झाल्या की जवळपास ८० ग्रॅम जातात आणि एवढी घट पुष्कळांना पुरेशी असते. पहिला आठवडा स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा ठेवून पीठ, डाळ आणि दाणे शिजवण्यापूर्वी मोजावेत. अंदाजाने ‘वाटी’ म्हणणाऱ्यांच्या वाट्या घरोघरी वेगळ्या असतात.

पहिल्या आठवड्याच्या काट्यावर विश्वास ठेवणे

शरीर स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठवते तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके तोडली की हा साठा रिकामा होतो, इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठही जास्त बाहेर टाकतात आणि दोन किलो वजन भराभर उतरते. ती चरबी नसते. पुढच्या महिन्यात काटा मंदावतो आणि अधीर माणसे अर्ध्यावर सोडून देतात किंवा उरलेली फळे-भाज्याही तोडतात. अमेरिकेत ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी कर्बोदके घेणाऱ्या गटाचे वजन सरासरी ६ किलोने, तर कमी चरबी घेणाऱ्यांचे ५.३ किलोने उतरले आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या दखल घेण्याजोगा नव्हता. वर्षभर टिकेल असेच जेवण निवडावे, हे मी त्यामुळेच आग्रहाने सांगते. मी काट्यापेक्षा कंबरेच्या टेपवर भरवसा ठेवते.

याच काळात उठताना चक्कर येणे, डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे हे पाणी-मीठ कमी पडल्याचे लक्षण असते. चिमूटभर मीठ घातलेले ताक पुरते. मात्र रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

मूत्रपिंडाची तपासणी न करता प्रथिने वाढवणे

निरोगी मूत्रपिंडाला बेताने वाढवलेली प्रथिने सहसा जड जात नाहीत. अडचण अशी की आपले मूत्रपिंड निरोगी आहे, हे पुष्कळांनी केवळ गृहीत धरलेले असते. मूत्रपिंडाचा आजार बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही आणि जुना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांत तो पुष्कळदा आढळतो. आजार पक्का झालेला असेल, तर प्रथिने किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अशा माणसाने जिममधील तरुणाचा तक्ता उचलणे ही गंभीर बाब आहे. म्हणून सुरुवातीलाच मूत्रपिंडासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, तसेच युरिक ॲसिड व लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबी) तपासून घ्यावे. आदल्या रात्री मटण खाऊन क्रिएटिनिन तपासायला जाऊ नये, आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. व्यायामासाठी क्रिएटिनची पावडर घेत असाल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लिपिड प्रोफाइल तीन महिन्यांनी पुन्हा करावे, कारण काहींचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) या आहारात बरेच वाढते, विशेषतः तूप, लोणी आणि खोबऱ्याचा मारा केला असेल तर.

पायाच्या अंगठ्याचा सांधा एकाएकी लाल होऊन ठणकू लागला, तर तो मुका मार समजू नका, युरिक ॲसिड वाढून होणारा संधिवात (गाऊट) असू शकतो. कीटोन वाढल्यावर युरिक ॲसिडचा निचरा मंदावतो.

प्रोटीन पावडरबद्दल मला रोज विचारले जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याचाच सल्ला आहे आणि सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. वृद्ध, आजारातून उठलेले आणि चावता न येणारे यांची गोष्ट वेगळी.

भाज्या कमी केल्या की बद्धकोष्ठता होणारच. पालेभाजी, गवार, भेंडी, दुधी ताटात अर्ध्या भागात हव्यातच.

उपवासाला सगळे मोकळे सोडणे

आठवडाभर भाकरीला स्पर्श न करणारी माणसे चतुर्थीला किंवा एकादशीला साबुदाण्याची खिचडी निःशंक मनाने खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने नावापुरतीही नाहीत, आणि सोबत बटाटा असतोच. गोळ्यांची मात्रा कमी केलेल्या मधुमेही माणसाची शुगर त्या संध्याकाळी किती चढते, हे एकदा मोजून पाहावे. श्रद्धेच्या आड मी येत नाही. दही, ताक, दूध, राजगिऱ्याची एखादी छोटी भाकरी आणि काकडीची दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर एवढ्यावर उपवास व्यवस्थित होतो. फराळ दिवसभर थोडा थोडा खात राहू नये, नेहमीच्या जेवणाच्या वेळीच घ्यावा. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू आहे त्यांनी निर्जळी किंवा एकवेळचा उपवास धरण्याआधी त्या दिवशीची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी.