लहान पोराला ओढ्यावर गरवायला नेताय? या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी लागली की चिपळूण-संगमेश्वरकडच्या ओढ्यांवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसायला लागतात. मागच्या सीटवर पाच-सहा वर्षांचं पोर, डिकीत ऑनलाइन मागवलेली घडीची काठी, आणि बाबांच्या डोक्यात दुपारच्या जेवणाचं कालवण. तासाभरात पोर रडत असतं आणि बाबा खेकसत असतात. हे पाहून पाहून कंटाळा आला, म्हणून लिहितोय.

पहिली चूक, आणि बाकीच्या निम्म्या हिच्याच पोटातून निघतात: बाबा स्वतःसाठीही काठी आणतात. पोराला गरवायला आणलंय की स्वतःची हौस भागवायला, हे घरून निघतानाच ठरवा. दोन्ही एका दिवसात होत नाही.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचंच घ्या. आठ फुटी काठी, चकचकीत रीळ, डबाभर रंगीत प्लास्टिकचे मासे. ओढा दहा पावलांत पार होणारा, वर जांभळीच्या आणि करंजाच्या फांद्या एकमेकींत शिरलेल्या. पहिली फेक थेट जांभळीत. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) तोडून झाला, नवा गळ बांधला. मी म्हटलं, अहो, इथे डोक्यावरून फेकायला जागा नाही, काठी नुसती पुढे धरा. ते म्हणाले, व्हिडिओत पाहिलंय. दुसऱ्या फेकीला काठी मागे गेली ती पुढे येईचना, कारण मागे उभ्या असलेल्या पोराच्या कानाच्या पाळीत गळ रुतला होता. ‘ओढू नका’ म्हणेपर्यंत त्यांनी ओढलाही. गळाच्या टोकामागे उलटा दात असतो, ओढलं की तो मांस धरून बसतो. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी टोक पुढूनच बाहेर काढलं, दात कापला आणि मग गळ मागे सरकवला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. ते पोर त्यानंतर ओढ्याचं नाव काढत नाही.

माझी पद्धत साधी. चिव्याची (बारीक बांबूची) सरळ काठी, पोराच्या उंचीपेक्षा थोडी मोठी. तंगूस काठीइतकाच लांब, रीळ नाहीच. गळ बारा-चौदा नंबरचा (नंबर मोठा तितका गळ लहान), कारण ओढ्यातल्या मळये, खवले असल्या लहान माशांचं तोंड ते केवढं! गळाचा उलटा दात घरीच पक्कडीने दाबून सपाट करतो. थोडे मासे सुटतात. सुटू देत. पाण्यावर तरंगणारं तरंडं म्हणून मोरपिसाचा देठ, तो हलला की पोराला आपसूक कळतं. आमिषाला गांडूळ, आणि ते पोरानेच उकरायचं. माझे दोन्ही हात मोकळे, त्यातला एक पोराच्या दंडापाशी.

दुसरी मोठी चूक म्हणजे पावसाळ्यात जाणं. पहिल्या पावसात चढणीचे मासे निघतात, गावात लोक बत्त्या आणि कोयते घेऊन उतरतात, ते पाहून पाहुण्यांच्याही अंगात येतं. एक तर हे मासे अंडी घालायला वर चढत असतात, पोटं भरलेली असतात. तेव्हाच मारलेत तर दिवाळीत ओढ्यात काय राहणार? आणि दुसरं, घाटातल्या ओढ्याला तुमच्या डोक्यावरच्या आभाळाशी देणंघेणं नसतं. पाऊस वर घाटमाथ्यावर पडतो, खाली ऊन असतानाही पाणी चढतं. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात मुलं होती. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा आणि काटक्या वाहत आल्या, आवाज बदलला की काठी तिथेच टाकायची आणि पोर उचलून वर चढायचं. मी तर कार्तिकाआधी लहान मुलाला पाण्याकडे नेतच नाही. पाणी निवळतं, ओढा कोंडीकोंडींत, म्हणजे डोहाडोहांत, तुटतो, मासे दिसतातही. पोफळी गावाच्या खाली वाशिष्ठी नदीवर मात्र हिवाळ्यातही जपून. कोयनेच्या वीजगृहांचं पाणी तिथे सोडतात, पाऊस नसतानाही पातळी वाढते.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

रबरी स्लीपर नको. शेवाळावर घसरते, नाहीतर वाहून जाते आणि मग ती पकडायला पोर धावतं. मागे पट्टा असलेलं काहीतरी घाला.

खेकड्यांसाठी काठावरचे दगड उलटताना दगडाची पलीकडची कड धरून आपल्या बाजूला उचला, म्हणजे खाली काही असलंच तर ते पलीकडे निघतं. कोकणात दगडाखाली फुरसं हा विषारी सापही असतो. हे काम मोठ्यांचं.

शिंगटी (मिशावाला काटेरी मासा) लागली तर पोराला हात लावू देऊ नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे जबर लागतात.

तोटे (स्फोटकं), ब्लिचिंग पावडर, मासे गुंगवणारी गेळफळं असले ‘झटपट’ उपाय दाखवायला कुणीतरी हमखास भेटतो. तोटे आणि विष यांना 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, आणि पोरासमोर असलं काही करणाऱ्याशी मी तरी बोलत नाही. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान असल्या ठिकाणी साधा गळसुद्धा टाकता येत नाही, हे निघण्याआधी बघा.

‘अजून दहा मिनिटं’ म्हणू नका. पोराचं लक्ष तासभर टिकलं तर पुष्कळ. ते दगड मारायला लागलं की गरवणं संपलं. ‘मासे पळतील’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, ते केव्हाच पळालेत. सुके कपडे आणि भाकरी काढा.

आणि काहीच लागलं नाही, तर महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला घेऊन जा. देवीचे म्हणून राखलेले मोठाले महासीर तिथे काठाशी येतात. गळ गाडीतच ठेवा, तिथले मासे कुणी धरत नाही.